आधी देवळी ठरवा, मग विकणारा शोधा

(लिंबागणेश येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी तुमचे प्रश्न आधीच लिहून घेतले होते, ते मला पाठवले. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. इन्स्टाग्रामवर पेज काढलंय, माल घरात पडलाय, कमिशनवर विकून देणारा कुणी मिळेल का? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एखादं ॲप सांगेन असं तुम्हाला वाटत असणार. तसं ॲप नाही. विकणारा मिळत नाही याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की कुणाला विकायचंय तेच ठरलेलं नसतं. ज्याच्या हातात तुम्ही माल द्याल तो पहिलं विचारेल, कुणाच्या दारात जाऊ? 'सगळ्यांच्या' असं उत्तर दिलंत तर तो कुणाच्याच दारात जाणार नाही.

हे मी कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकातून सांगत नाही. आपल्या आडनावांकडंच बघा. अत्तार, मणियार, बागवान, तांबोळी, पिंजारी, शिकलगार. प्रत्येक आडनाव म्हणजे एक धंदा, आणि प्रत्येक धंद्याचं गिऱ्हाईक ठरलेलं. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, त्यातही नोंद आहे की नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा करून पोट भरणाऱ्यांचं प्रमाण मुसलमानांमध्ये इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे धंदा आपल्याला नवा नाही. नवा आहे तो मोबाइल.

दारोदार फिरणारी मणियारीण आठवा, तुमच्यातल्या काहींच्या आजीनं हेच केलं असेल. टोपली घेऊन ती कुणाच्याही घरात थेट चुलीपर्यंत जायची. पाटलाच्या सुनेचा हात केवढा, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाचं डोहाळजेवण आहे, हे तिला पाठ असायचं. नवरीचा हिरवा चुडा तिच्याच हातून भरला जायचा आणि तिथं तिचा धर्म कुणी विचारत नव्हतं. बांगडी चढवताना फुटली तर तोटा तिचा. पैसे सुगीवर, ज्वारीच्या रूपात मिळाले तरी चालायचे. आज ज्याला आपण कॅटलॉग, घरपोच सेवा, उधारी आणि माल परत घेण्याचं धोरण म्हणतो ते सगळं त्या एका बाईकडं होतं. तिला कुणी विकणारा शोधावा लागला नाही, कारण कुठल्या घरात, कुठल्या महिन्यात, कुठल्या मापाची बांगडी लागणार हे तिला आधीच माहीत होतं.

इंग्रजीत याला निश म्हणतात. त्या शब्दाचा जुना अर्थ भिंतीतला कोनाडा. आपल्याकडच्या धाब्याच्या घरात ती असतेच, आपण देवळी म्हणतो. देवळीत सगळं घर मावत नाही, दिवा तेवढा मावतो, पण अंधारात सगळे तिकडंच बघतात. मी पुढं देवळीच म्हणेन.

देवळी कायमची नसते हेही इथंच सांगून टाकतो. निजामाच्या राज्यात बीड छागलींसाठी नावाजलेलं होतं. छागल म्हणजे प्रवासात पाणी गार ठेवणारी चामड्याची पिशवी. उन्हातान्हात लांबचा प्रवास करणारा माणूस, हे तिचं गिऱ्हाईक. प्रवास बदलला, बाटल्या आल्या, छागल गेली. कारागिराचा हात बिघडला नव्हता, त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. म्हणून मी 'आपली खासियत काय' हे विचारण्याआधी 'गिऱ्हाईक कोण' हे विचारतो.

आता तुमच्यापैकी बहुतेकांचा जो धंदा आहे, तयार कपडे, त्याचा हिशेब फळ्यावर मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. ड्रेस २५० रुपयांना आणला, ४९९ ला लावला. पॅकिंग १५, कुरिअर ८०. दहा पार्सलं पाठवली, सगळी 'माल मिळाल्यावर पैसे' या पद्धतीची. तीन परत आली. सात विकली गेली, हातात आले ३४९३. त्या सातांचा माल १७५०, दहांचं कुरिअर ८००, तीन परत येण्याचं भाडं प्रत्येकी ६० धरून १८०, पॅकिंग १५०. एकूण २८८०. उरले ६१३. परत आलेल्यातला एक ड्रेस मळलेला निघाला, तो गेला, राहिले ३६३. आणि या दहा ऑर्डरी मिळवायला जाहिरातीवर ऑर्डरमागं ६० रुपये घातले असतील तर ६०० गेले. म्हणजे पंधरा दिवस राबून खिशातले २३७ रुपये घालवले. यात विकणाऱ्याला कमिशन कुठून देणार? तो मिळत नाही म्हणून आपण रागावतो, पण त्याला द्यायला या धंद्यात पैसाच नाही.

पार्सल परत का येतं? तोच ड्रेस, तोच फोटो, शंभर पेजेसवर आहे. गिऱ्हाइकानं तो गरज म्हणून मागवलेला नसतो, बोट लागलं म्हणून मागवलेला असतो. दाराशी पार्सल येईपर्यंत मन बदलतं. ज्याला खरंच गरज आहे तो पैसे आधी पाठवतो आणि वर दोनदा फोन करून विचारतो, निघालं का पार्सल.

देवळी कशी दिसते ते एका उदाहरणानं सांगतो. आपल्या मुली स्कार्फ, हिजाब विकायच्या मागं लागतात आणि रमजान आला की गावागावात पाच-पाच पेजेस निघतात. आता जरा अरुंद करा. नर्सिंगला जाणारी मुलगी घ्या. बारा तासांची ड्युटी, पेशंटजवळ टाचणी लावायची भीती, मराठवाड्याचं ऊन, रोज धुवायचा कपडा. तिला न घसरणारा, टाचणी न लागणारा, सुती, लवकर वाळणारा, कॉलेजच्या गणवेशाच्या रंगाचा स्कार्फ पाहिजे. हा तिला बीडच्या बाजारात मागून मिळत नाही. आता कुणाच्या दारात जायचं ते ठरलं : नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलच्या. विकणारीही आपोआप सापडली, तिथंच शिकणारी एक मुलगी. आणि गंमत बघा, स्कूटीवर जाणारी बीडची प्रत्येक पोरगी, कुठल्याही धर्माची असो, उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधते. तिची अडचण वेगळी, कापड तेच. देवळी अरुंद करायची म्हणजे गिऱ्हाईक आपल्याच समाजापुरतं ठेवायचं, असा अर्थ कुणी काढू नका. अरुंद करायची आहे ती अडचण.

या गावाचंच बघा ना. चतुर्थीला भालचंद्राच्या दर्शनाला लांबून लोक येतात. त्या दिवशी देवळाबाहेर नारळ, हार, पेढा खपतो, तिथं गादी-रजई लावून कुणी बसत नाही. जागा, दिवस आणि माणूस कळला की काय विकायचं ते कळतं. इंटरनेटवर मात्र आपण सगळे चतुर्थीला रजई लावून बसलोय.

आता सीताफळ. आपण बालाघाटच्या डोंगरावर बसलोय आणि हंगामाला दीड-दोन महिने आहेत, म्हणून यावर जरा जास्त वेळ घेतो. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी आपलं फळ क्रेटमध्ये भरून व्यापाऱ्याकडं जातं, तिथून पुण्या-मुंबईला, आणि तिथं त्याला बीडचं म्हणून कुणी ओळखत नाही. ऑनलाइन विकायला हे फळ अवघड आहे हे खरं. डोळे उघडले की तोडायचं, मग दोन-चार दिवसांत पिकतं. पिकलं की हात लावायची सोय नाही. फ्रीजमध्ये साल काळी पडते. गर तापवला तर कडवट होतो, म्हणून कारखानेही तो गोठवूनच ठेवतात. कुरिअरच्या गोदामात तीन दिवस राहिलं तर पार्सलमध्ये लगदा पोचेल.

पण ही अडचणच तुमची भिंत आहे. जे विकायला सोपं आहे ते सगळं जग विकतं. हे फळ देशभर पाठवता येत नाही, पण एका रात्रीत पुण्याला पोचतं. मांजरसुंब्याहून रात्री ट्रॅव्हल्स जातात, आपण लग्नाच्या पत्रिकांपासून लोणच्याच्या बरण्यांपर्यंत सगळं त्यातूनच पाठवतो. आणि पुण्यात कोण आहे? पिंपरी-चिंचवडला, हडपसरला कामाला गेलेला आपला बीडचा माणूस. त्याला सीताफळ काय असतं ते समजवायला लागत नाही. त्याला दसरा-दिवाळीत डोंगरावरचं फळ आठवतं आणि गावी यायला रजा नसते. ही देवळी.

मग खोका असा करा : बारा फळं, चार आज पिकतील अशी, चार उद्याची, चार परवाची, आत चिठ्ठी. आणि विकणारा? तिथं राहणारी तुमची खाला, तुमचा मावसभाऊ, शेजारच्या गावचा एखादा दादा. त्याच्या सोसायटीत मराठवाड्यातली दहा-वीस घरं असतात. तो ऑर्डरी गोळा करतो, सकाळी बसवरून खोके उतरवून घेतो, खोक्यामागं त्याचा वाटा ठरलेला. याला जाहिरात लागत नाही. खोक्यावर मानांकनाचा शिक्का मात्र मनानं छापू नका, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती करा, कारण तो शिक्का हेच पुढच्या हंगामाचं भांडवल आहे.

देवळी सापडावी कशी, हा प्रश्न चारपाच जणांनी लिहिलाय. माझं उत्तर कंटाळवाणं आहे : माल आणण्याआधी वीस माणसांशी बोला. 'तुम्ही घ्याल का?' असं विचारू नका, भिडेनं सगळे 'घेऊ की' म्हणतात. 'मागच्या वेळी हे कुठून घेतलं, किती दिले, काय त्रास झाला' हे विचारा. उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा. दुसरं, मोठ्या विक्रीच्या साइटवर तुमच्यासारखाच माल बघा आणि एक तारा दिलेले अभिप्राय तेवढे वाचा. तिथं लोकांनी रागानं देवळ्याच लिहून ठेवलेल्या असतात : रंग गेला, बाही आखूड, तीन महिन्यांच्या बाळाला मोठं झालं. मी व्यवसायानं आकडेमोड करणारा आहे, पण पन्नास गिऱ्हाइकांच्या आत आकडे काही सांगत नाहीत, वहीच सांगते.

आता विकणाऱ्याकडं येऊ. हजरत खदीजा या व्यापारी होत्या, काफिल्यांबरोबर शामला माल पाठवायच्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यांनी माणूस कसा निवडला ते धंद्याच्या नजरेनं कधी बघत नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा प्रामाणिकपणा त्यांच्या कानावर आला होता. त्यांनी माल सोपवला, इतरांना देत त्यापेक्षा जास्त वाटा कबूल केला आणि बरोबर आपला सेवक मायसरा पाठवला, त्यानं परत येऊन प्रवासाची हकिकत सांगितली. विश्वास होता, तरी वाटा आधी ठरला होता आणि डोळ्यांनी बघणारा एक माणूस सोबत होता. आपण उलटं करतो. नात्यातला आहे म्हणून वाटा ठरवत नाही आणि हिशेब विचारला की त्याला राग येतो.

आपल्या काळातलं उदाहरण मीशोचं. २०१५ मध्ये दिल्ली आयआयटीत शिकलेल्या दोघांनी ती सुरू केली. घरबसल्या व्हॉट्सॲपवर कपडे विकणाऱ्या बायकांच्या जिवावर ती वाढली. नाव पडलं 'मेरी शॉप' वरून. त्या बायकांकडं गोदाम नव्हतं, ओळख होती. नंतर कंपनी थेट गिऱ्हाइकाला विकू लागली. यातून मी एवढंच घेतो की ओळख हे भांडवल आहे आणि ते ज्याचं त्याच्याकडं राहिलं पाहिजे. विकणारीनं आणलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा थेट तुमच्याकडं आलं, तरी तिचा वाटा द्या. प्रत्येक विकणाऱ्याला एक साधा कोड द्या, ऑर्डर देताना गिऱ्हाइकानं तो सांगायचा. एका शीटमध्ये नोंद, ती शीट दोघांनाही दिसली पाहिजे. यापेक्षा जास्त तंत्रज्ञान पहिल्या वर्षी लागत नाही.

आणि एक गोष्ट इथल्या मातीत उभं राहून बोललीच पाहिजे. विकणाऱ्याला उचल देऊन बांधू नका. उचल म्हणजे काय ते या तालुक्यात समजवायला नको. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कारखान्यावर. पैसे आधी मिळतात म्हणून बरं वाटतं, आणि फिटले नाहीत की पुढचा हंगामही त्याच्याच नावावर. ऑनलाइन धंद्यात हे वेगळ्या नावानं येतं : 'एवढा माल आधी विकत घे, मग तुला एजन्सी', 'पाच हजार भर, ट्रेनिंग मिळेल'. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा धंदा गिऱ्हाइकावर चालत नसतो, विकणाऱ्यावरच चालत असतो. तुम्ही देणारे असा किंवा घेणारे, यात पडू नका.

दुसरी गोष्ट मुलींसाठी आहे, आणि मुलांनी ऐकायची आहे. मी कितीतरी घरांत बघतो, पेज भावाच्या नावावर, यूपीआय भावाच्या खात्याला, आणि रात्री अकरापर्यंत 'हा रंग दाखवा, तो रंग दाखवा' याला उत्तर देणारी बहीण. पॅकिंगही तीच करते. विचारलं की म्हणतात, घरचंच आहे. घरचंच आहे तर खातं तिच्या नावावर का नाही? विकणारा शोधत आपण पुण्यापर्यंत जातो आणि घरात जी विकतेय तिचा वाटा कुठल्याच कागदावर नसतो. तिचं बँक खातं काढा, तिचा वाटा ठरवा, महिन्याला तिच्या खात्यात टाका. उद्या तिला कर्ज घ्यायचं झालं, मुद्रा योजनेतलं शिशु गटाचं ५० हजारांपर्यंतचं का असेना, तर बँक खात्यातली उलाढाल बघते. भावानं 'सगळं हीच करते' असं तोंडी सांगून बँकेला काही उपयोग नाही.

एका चिठ्ठीवर नाव न घालता लिहिलंय : 'दुकानाला कुणालाही चालेल असं नाव ठेवलंय, पण बिलावर माझं नाव दिसलं तर गिऱ्हाईक जाईल का?' प्रश्न खरा आहे. काही ठिकाणी बहिष्काराची भाषा होते हे तुम्हीही ऐकता, मीही ऐकतो. उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाणावळींना मालकाचं नाव लावायची सक्ती झाली होती, २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. ती सक्ती वेगळी आणि ऑनलाइन विक्रीचा नियम वेगळा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं खरं नाव आणि पत्ता गिऱ्हाइकाला कळलाच पाहिजे, आणि तो नियम सगळ्यांना सारखा आहे. दुकानाचं नाव हवं ते ठेवा, 'बालाघाट' ठेवा, 'मणियार बांगडी' ठेवा. पण विक्रेता म्हणून जे नाव द्यायचं ते तुमचंच. माझं स्वतःचं मत विचाराल तर नाव पहिल्यापासून समोर ठेवा. ज्याला चालणार नाही तो पहिल्याच दिवशी जाईल, तुमचं कुरिअरचं भाडं वाचेल. आणि सगळ्यांनी नावं लपवली तर मुसलमान दुकानदार लोकांना फक्त बातमीत दिसेल.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते. दुसऱ्याला हजारो देऊ नका, ऑनलाइन स्वतः होते. वस्तूंच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा ४० लाख आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना मोठ्या साइटवरही जीएसटी क्रमांकाशिवाय माल लावता येतो. राज्याबाहेर, म्हणजे समजा हैदराबादला, माल पाठवायचा झाला की चित्र बदलतं, तेव्हा आधी सल्लागाराला विचारा. पहिल्या वर्षी पुणे, छत्रपती संभाजीनगर, मुंबई एवढंच पुष्कळ आहे.

फोटोबद्दल एका मुलीनं विचारलंय, की फिल्टर लावला तर चालतो का. वर कोरडं धान्य आणि खाली भिजलेलं, असा ढीग लावणाऱ्याला बाजारात पैगंबरांनी हटकलं होतं, ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. फोटो हा वरचा थर. दिवसाच्या उजेडात, अंगणात, स्वतःच्या हातात माल धरून काढा. पार्सल परत यायचं प्रमाण त्यानंच कमी होतं.

शेवटची चिठ्ठी आहे : 'पार्सल परत आलं तर विकणाऱ्याला दिलेलं कमिशन परत मागायचं का?' नाही, कारण ते तोवर दिलेलंच नसावं. गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्या खात्यात जमा झाले आणि माल परत द्यायची मुदत संपली की वाटा द्यायचा, आठवड्याचा एक वार ठरवून. सीताफळाला परत घेणं नसतं, तिथं खोका उतरला त्याच संध्याकाळी द्या. ज्यांना पुण्यातल्या आपल्या माणसांची यादी करायची आहे त्यांनी वही घेऊन इकडं या टेबलाशी या.